मुंगन्यावरचा तांबट

महागूभाऊ कापगत्यांशी बोलायचं तर आधी त्यांच्या दंडाला हात लावावा लागे. हात लागला की ते वळत, समोरच्याच्या ओठांकडे टक लावून पाहत आणि मग मान हलवत. मान हलवली म्हणजे ऐकू आलं असं मात्र समजायचं नाही. बालाघाटच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नकार्यात चार माणसं हसली की महागूभाऊही हसत, कुणी चेहरा पाडला की तेही पाडत. यात हात इतका बसला होता की नव्या माणसाला त्यांच्या बहिरेपणाचा पत्ताही लागत नसे.

त्यांची सारी नोकरी उकव्याच्या मँगनीज खाणीत झाली. लांजीकडच्या शेतकऱ्याघरचा हा पोरगा मिसरूड फुटायच्या सुमारास जमिनीखाली उतरला आणि बघता बघता छत तपासणारा म्हणून नावाजला गेला. छत तपासायचं म्हणजे लांब लोखंडी सब्बल घेऊन डोक्यावरचा दगड ठोकत पुढे सरकायचं. दगड पक्का असेल तर खणखणीत बोलतो. आत पोकळी धरली असेल तर आवाज बद्द येतो, तडकलेल्या मडक्यासारखा. तसा आला की तो दगड पाडायचा, नाहीतर सालवृक्षाच्या बल्ल्या, म्हणजे जाड वासे, उभ्या करून छताला टेकू द्यायचा. मगच बाकीच्यांनी पुढे यायचं. कानात घालायला बोळे मिळत, पण बोळे घातले तर दगडाचं बोलणं कळत नाही म्हणून महागूभाऊ ते खिशातच ठेवत. त्यात कापगत्यांच्या घराण्यातच कान लवकर जाण्याची खोड. वडील पन्नाशीत ठार बहिरे झाले होते.

महागूभाऊंचं ऐकणं त्याच्याही आधी मंदावलं. एकदा त्यांनी छत ठोकलं, आवाज पक्का वाटला म्हणून पाऊल पुढे टाकलं, आणि मागून वसंता नावाच्या सोबत्यानं त्यांना कॉलर धरून मागे खेचलं. दोघंही चिखलात पडले. महागूभाऊ उभे होते त्या जागी भला थोरला दगड येऊन बसला. "आयकू नाही आलं का बे तुले?" वसंता ओरडत होता, आणि तेही महागूभाऊंना त्याच्या ओठांवरून समजलं. त्याच पाळीत ते फोरमनपुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मले वरतं काम द्या साहेब. माह्या कानाच्या भरवशावर कोणाचं पोरगं खाली नोको जाऊ." पुढची वर्षं खाणीच्या तोंडाशी, खाली जाणाऱ्यांना टोपीचे दिवे देण्यात गेली.

बालाघाटचं घर साधनाबाईंनी उभं केलं, म्हणजे महागूभाऊंच्या बायकोनं. मुलीच्या, पौर्णिमाच्या शाळेपायी त्या आधीच शहरात येऊन राहिल्या होत्या. महागूभाऊ सुटीच्या दिवशी घाट उतरून बसनं येत. घरामागे सांदवाडी होती. तिच्यात एक आंबा, एक जामाचं, म्हणजे पेरूचं झाड, कपडे धुवायचा दगड, आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून वाढलेला मुंगना, म्हणजे शेवगा. फुटक्या माठाचं बूड पाण्यानं भरून साधनाबाई ते आंब्याखाली ठेवत. सकाळी ओट्यावर उकिडवं बसून त्या काहीतरी ऐकत असत आणि मधूनच नवऱ्याला बोट दाखवत. नोकरी संपवून कायमचे घरी आलेले महागूभाऊ त्या बोटाकडे बघत, मान हलवत आणि चहा पीत.

पौर्णिमा लग्न होऊन गोंदियाला गेली होती. तिथे ती शाळेत शिकवत असे. त्या वर्षी माघात तिनं बापाला जवळपास हाताला धरूनच तिथल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली आणि दोन्ही कानांत चिंचोक्याएवढी मशीनं बसली.

मशीन सुरू झालं आणि दुनिया महागूभाऊंच्या अंगावर आली. दवाखान्यातला पंखा घरघरत होता. खुर्ची किंचाळत होती. कागदाचा चुरगळा झाला तर वाळक्या पाचोळ्यावरून बैल गेल्यासारखं वाटलं. परतीच्या गाडीत तर त्यांनी दोन्ही मशीनं काढून डबीत टाकली. स्टेशनवर उतरल्यावर पौर्णिमाची ताकीद आठवली म्हणून पुन्हा घातली आणि घरी आले.

दार साधनाबाईंनी उघडलं. "आले का जी? थकले असान," त्या म्हणाल्या.

महागूभाऊ उंबऱ्यापाशीच थबकले. त्यांच्या मनात बायकोचा एक आवाज जपलेला होता. तरुण, जरा चढा, विळ्यासारखा लखलखीत. इतकी वर्षं तिच्या ओठांकडे बघताना ते तोच आवाज त्या शब्दांना लावत आले होते. आणि हा समोरचा आवाज वेगळाच होता. मऊ झालेला, शेवटाला थोडा तुटणारा. बायको म्हातारी होताना त्यांनी पाहिली होती. आवाज म्हातारा होताना मात्र ते हजर नव्हते.

"अवं, तुहा आवाज..." ते म्हणाले.

"काय झालं माह्या आवाजाले?" साधनाबाई सवयीप्रमाणे गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

"काही नाही झालं. मस्त हाये. आता बोंबलू नोको, मले आयकू येऊन राह्यलं."

साधनाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

पण नवलाई ओसरली आणि महागूभाऊ कावले. मिक्सर सुरू झाला की ते घर सोडून बाहेर पडत. बाहेर मोटारसायकलींचे भोंगे. कुत्री भुंकली तर वाटे आपल्या खिशातच भुंकताहेत. शेवटी त्यांनी आपल्यापुरता कायदा केला. दुनिया जागी व्हायच्या आत मशीन घालायचं आणि गडबड वाढली की काढून ठेवायचं. त्यामुळे कान उघडे ठेवून ते फक्त भल्या पहाटे सांदवाडीच्या ओट्यावर बसू लागले. फाल्गुन लागला होता.

रविवार होता. आंब्याला इतका मोहर आला होता की पानं शोधावी लागत. हवेत त्याचा तुरट-गोड वास होता. महागूभाऊ काळा चहा घेऊन बसले, आणि त्यांना ठोकण्याचा आवाज आला.

टुक. टुक. टुक. टुक.

कुणीतरी लहान हातोडीनं तांब्याचा पत्रा ठोकत होतं. घाई नाही, आळसही नाही. जन्मभर हातोडे आणि सब्बला ऐकलेल्या महागूभाऊंना पहिल्यांदा त्या हाताचंच कौतुक वाटलं. एकही ठोका मागेपुढे होत नव्हता. कोण असेल हा कारागीर? ते उठून डाव्या भिंतीपाशी गेले तर आवाज उजवीकडून यायला लागला. उजवीकडे गेले तर तो मागे सरकला. मशीनच बिघडलं की काय म्हणून त्यांनी ते काढून फुंकर मारली, पुन्हा बसवलं. टुक टुक टुक.

भिंतीपलीकडे भोजराजचं दुकान होतं. हा चाळिशीतला माणूस मोटारसायकली दुरुस्त करी, आणि मुंगन्याची एक फांदी थेट त्याच्या टिनाच्या शेडवर गेली होती. महागूभाऊ गल्लीतून वळसा घालून त्याच्या दारात पोचले. भोजराज बनियनवर उभा राहून दात घासत होता.

"भोजराज, येवढ्या सकाळी कायले ठोकून राह्यला बाबू?"

"मी?" भोजराजनं तोंडातला फेस थुंकला. "काकाजी, आज इतवार हाय. दुकान बंद हाय. देखो ना, शटरले कुलूप हाय."

"मंग हा आवाज कोणाचा?"

"कोनसा आवाज?"

"आयक."

भोजराजनं ब्रश तोंडातून काढला आणि कान दिला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "अरे हौ. हे तं रोजचंच हाय, काकाजी. पण काय हाय, कधी ध्यानच नाही दिलं."

दोघं मिळून दुकानाच्या मागे गेले, गटाराकडेही डोकावून आले. हातोडीवाला काही सापडेना. तेवढ्यात भिंतीवरून साधनाबाईंचं डोकं वर आलं. कपडे धुवायच्या दगडावर चढून त्या मघापासून हा तपास बघत होत्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"इकडं या जी तुमी. लोहार सापडला."

महागूभाऊ परत आले. साधनाबाईंनी मुंगन्याच्या शेंड्याकडे बोट केलं. त्यांना आधी नुसती पानं दिसली. मग त्यातलं एक पान हललं, आणि ते पान नव्हतं. मुठीत मावेल एवढं हिरवं पाखरू होतं. कपाळावर कुंकू माखल्यासारखा लाल ठिपका, डोळ्याभोवती आणि गळ्यावर हळद, छातीवर पुन्हा लाल पट्टा. ते एका वाळक्या काटकीवर ताठ बसलं होतं. चोच मिटलेली होती. प्रत्येक ठोक्याला गळा फुगत होता आणि डोकं किंचित झुकत होतं. एक ठोका देऊन ते डोकं डावीकडे वळवी, मग उजवीकडे, आणि आवाजही त्याच्याबरोबर वळे. म्हणूनच तो मघापासून त्यांना सांदवाडीभर फिरवत होता.

"तांबट होय थो," साधनाबाई म्हणाल्या.

"येवढुसं?" महागूभाऊ कुजबुजले. "थो सारा आवाज या येवढ्याशातून?"

"हौ."

"तोंड तं बंद हाये त्याचं!"

"तुमाले दरसाली सांगतलं व्हतं म्या."

"मंग मी काय म्हणलो?"

"तुमी मुंडी हालवली."

मान मागे टाकून महागूभाऊ कितीतरी वेळ त्या पाखराकडे बघत उभे राहिले. मान दुखली तेव्हा दगडावर बसले, पण नजर काढली नाही. ओट्यावर राहिलेला चहा गार होऊन त्यात मोहर पडला होता.

त्या दिवसापासून नवरा-बायकोची एक नवी शाळा भरू लागली. उजाडायच्या आत दोघं ओट्यावर येत. अंधारातच दयाळ सुरू होई. काळापांढरा, शेपूट उभारून आंब्याच्या शेंड्यावर बसणारा हा पक्षी महागूभाऊंनी शंभरदा पाहिला होता, पण तो गातो, आणि एकदा म्हटलेली ओळ पुन्हा तशीच म्हणत नाही, हे त्यांना कुठे माहीत होतं! दयाळानंतर होले घुमायचे. मग बुलबुल बोलत, जसं कुणी पाण्याचा लोटा ओततंय. पार पलीकडून भारद्वाजाचा खोल हुंकार येई, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. ऊन मुंगन्याच्या पांढऱ्या फुलांवर आलं की काळानिळा शिंजीर यायचा, अंगठ्याएवढा, उन्हात वळला की जांभळा पेट घेतल्यासारखा. त्याच्या बारीक चिवचिवीसाठी महागूभाऊ जिवाचा कान करून बसत, आणि ऐकू आली की बायकोच्या गुडघ्यावर थाप मारत.

वसंत त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. उकव्याच्या रानात पळस पेटलेला, सावरीचं झाड निष्पर्ण होऊन लालबुंद फुलांनी लगडलेलं, मोहाची फुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाया, हे सारं त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. पण पहिल्या पाळीला ते जमिनीखाली उतरत तेव्हा रान नुकतं जागं होत असे, आणि वर येत तेव्हा उन्हानं सारं गप झालेलं असे. नंतर वर काम मिळालं तेव्हा कान राहिले नव्हते. त्यांच्या वाट्याला आलेला वसंत मुका होता.

एका पहाटे दयाळ अगदी जवळच्या फांदीवर गात होता. महागूभाऊंनी हळूच विचारलं, "हे सारं रोज होते का वं?"

"रोज."

"मी खाणीत असताना बी?"

"तुमी खाणीत होते तवा बी, आन झोपून राहत होते तवा बी."

"कोणी नाही आयकलं तरी?"

"त्यायले काय जी," साधनाबाई म्हणाल्या, "थे काय आपल्यासाठी थोडेच बोलतेत?"

महागूभाऊंनी मान हलवली. या वेळी ऐकून हलवली. कुणी ऐको न ऐको, वर्षानुवर्षं दर सकाळी एवढा सोहळा आपल्या घराच्या मागे मांडला जात होता.

चैत्राच्या तोंडाशी त्यांनी एक निराळाच आवाज ऐकला. टुक टुक नव्हता, लाकडावर चोच मारल्याचा होता. दोन तांबट मुंगन्याच्या त्या भोजराजकडे गेलेल्या वाळक्या फांदीला उलटे लटकून ठोकत होते. एक जागा ठोकली, थोडं पुढे सरकले, पुन्हा ठोकलं, मग मागे आले. महागूभाऊ ताडकन उभे राहिले.

"छत तपासून राह्यले," ते म्हणाले. "पाह्य, पाह्य. कुठं पोकळ हाये थे पाहून राह्यले. आमी असंच करत होतो. सेम टु सेम."

"तुमी पोकळ दिसलं का सरकत होते. हे तं तिथंच घर करून राह्यले," साधनाबाई म्हणाल्या.

खरंच, त्यांनी जागा पक्की केली. फांदीच्या खालच्या अंगाला, पाऊस आत जाऊ नये अशा बेतानं, दोघं आळीपाळीनं कोरू लागले. कपडे धुवायच्या दगडावर लाकडाचा भुसा पडायचा. भोक इतकं गोल झालं की भोजराजच्या ड्रिलनंही झालं नसतं. मग एक दिवस आत गेलेलं पाखरू दुसरं येईपर्यंत बाहेर येईना. साधनाबाई म्हणाल्या, "अंडे घातले."

आणि नेमकं तेव्हाच भोजराज शिडी आणि आरी घेऊन आला.

त्याचंही खोटं नव्हतं. फांदी वाळलेली. मुंगन्याचं लाकूड तसंही ठिसूळ, आणि वैशाखात वादळं येतात. खाली त्याची टिनाची शेड, शेडीत लोकांच्या गाड्या. "काकाजी, गये साल बी तुमाले बोललो व्हतो. तुमी हौ म्हणले. एखादी गाडी दबली तं मी काय जवाब देऊ?"

गेल्या वर्षी महागूभाऊंनी नुसतीच मान हलवली होती, हे आता त्यांच्या लक्षात आलं. "थोडे दिवस थांब," ते म्हणाले. "पिल्लं उडाले का मीच तोडून देतो."

"कोनसे पिल्ले? मले तं काही दिसून नाही राह्यलं."

भोजराज तीन-चार आठवडे थांबला, कारण काकाजींना नाही म्हणणं जड जात होतं. मग एका दुपारी जोराचा वारा सुटून फांदीनं टिनावर दोनदा डोकं आपटलं, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा आला. या खेपेस आरी हातात आणि चेहरा घट्ट. शिडी लावली.

"थांब," महागूभाऊ म्हणाले. "आधी मी जातो."

"पडान जी!" साधनाबाईंनी शिडी धरली. पण ते चढले होते. आईबाप दोघंही चाऱ्याला गेले होते. महागूभाऊंनी फांदीला हात घातला, गाल टेकवला, आणि कान लाकडाला लावला.

आधी मशीन घासल्याची खरखर आली. ते श्वास धरून थांबले. मग आत काहीतरी होतं. गुणगुण. बंद मुठीत माशी धरावी तशी, पण एक नाही, दोन-तीन. ती वाढत होती, थांबत होती, पुन्हा वाढत होती. वाळल्या लाकडाच्या पोटात, जिथे रस नाही, पान नाही, तिथे कुणीतरी भुकेनं बोलत होतं. महागूभाऊंचे डोळे मिटले. खाली साधनाबाईंना वाटलं चक्कर आली. "काय झालं जी?" त्या ओरडल्या.

ते उतरले. त्यांनी भोजराजच्या हातातली आरी घेऊन दगडावर ठेवली आणि शिडीकडे बोट दाखवलं. भोजराज कुरकुरत चढला, कान लावला. क्षणभरानं त्याचा चेहरा पोरासारखा झाला.

"काकाजी!" तो वरूनच दबक्या आवाजात म्हणाला. "अंदर कोई है!"

मग फांदी तोडायची गोष्ट कुणी काढली नाही. प्रश्न एवढाच उरला की ती पडू कशी द्यायची नाही. आणि हे काम महागूभाऊंना येत होतं. डोक्यावरचं ओझं खालून पेलायचं, हाच तर त्यांचा जन्माचा धंदा. भोजराजनं ओळखीच्या माणसाकडून सालाच्या दोन बल्ल्या आणल्या. महागूभाऊ भोकापासून लांब, फांदीच्या बुंध्याकडच्या भागाला बोटाच्या पेरानं ठोकत गेले. बद्द. बद्द. थोडं खाली, खण. त्यांनी पुन्हा ठोकलं. खण. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातानं विचारलं होतं आणि कानानं उत्तर घेतलं होतं. "इथंसा लाव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फोरमनसारखा निघाला.

एक बल्ली सांदवाडीतून, दुसरी भिंतीपलीकडून उभी राहिली. बुडाशी चपटा दगड, वर जुन्या टायरचा तुकडा, आणि खालून पाचर ठोकून घट्ट. पाचरही अशी ठोकली की एक ठोका आणि थांबा, एक ठोका आणि थांबा. भोकाच्या पुढचं, टिनावर आपटणारं टोक भोजराजनं हलक्या हातानं छाटून टाकलं. आईबाप तारेवर बसून हा सगळा कारभार पाहत होते. माणसं बाजूला होताच त्यातला एक आला, भोकाच्या कडेला लटकला, बल्लीकडे मान तिरपी करून पाहिलं आणि आत शिरला. साधनाबाईंनी सोडलेला श्वास महागूभाऊंना ऐकू आला.

वादळ आलं ते वैशाखात, दिवस मावळता मावळता. आधी सारं पिवळं झालं, मग वैनगंगेकडून वारा उठला आणि त्यापाठोपाठ गारा. टिनावर गारा पडू लागल्या तेव्हा महागूभाऊंच्या कानांत कुणी खडी ओततंय असं झालं. साधनाबाई खुणेनं म्हणाल्या, काढून ठेवा ते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मागच्या दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले. त्या सगळ्या कल्लोळातून त्यांना एकच आवाज वेचून काढायचा होता, फांदीचा. ती करकरत होती. करकर चालेल, लाकूड करकरतं म्हणजे ते वजन घेतंय. एकदम कडाड झालं. पण ती आंब्याची डहाळी होती, कैऱ्यांसकट खाली आली होती. मुंगना उभाच होता.

सकाळी सांदवाडीत चिखल, पानं, फुटक्या कैऱ्या. बल्ल्या जागच्या जागी होत्या. पण टुक टुक नव्हतं. दयाळ गायला, होले घुमले. भोजराज भिंतीवरून डोकावत राहिला, त्याचं दुकान उघडायचं राहून गेलं. ऊन त्या फांदीवर आलं, आणि काळ्या गोल भोकात एक लाल कपाळ दिसलं. तांबटानं डोकं बाहेर काढलं, दोन्हीकडे पाहिलं, पंख झाडले आणि तो निघून गेला. थोड्या वेळानं चोचीत कुठलंतरी लाल फळ धरून परत आला. भोजराजनं आकाशाकडे पाहून हात जोडले आणि शटर उघडायला गेला.

पिल्लं वैशाख सरता सरता उडाली. पहिलं भोकातून डोकं काढून अख्खी सकाळ बसून होतं. आई समोरच्या तारेवरून बोलावत होती. ते पुढे झुके, मागे सरे. महागूभाऊ, साधनाबाई आणि सुटीत माहेरी आलेली पौर्णिमा ओट्यावर मान ताणून बसली होती. मग कुणाला कळायच्या आत ते सुटलं. पडलं नाही, उडालं. आंब्यापर्यंत गेलं आणि पानांत असं लपलं की पुन्हा सापडलं नाही. त्याचं कपाळ अजून लाल झालं नव्हतं. "याले अजून कुकू नाही लावलं," साधनाबाई म्हणाल्या. त्यानंतर आणखी दोन.

पौर्णिमा चहा टाकायला आत गेली. महागूभाऊ रिकाम्या भोकाकडे बघत होते तेवढ्यात आंब्याखालच्या पाचोळ्यातून शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ, पोरानं गल्लीतून मित्राला घालावी तशी.

"हा कोण वं?" त्यांनी विचारलं.

साधनाबाईंनी कान दिला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग गेली. "मले नाही मालूम," त्या हळूच म्हणाल्या. "म्या याले कधी आयकलंच नाही."

पाचोळा हलला आणि एक आखूड शेपटीचं पाखरू उड्या मारत बाहेर आलं. पाठ हिरवी, पोट सायीच्या रंगाचं, डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर निळं असं की पाण्यात भिजवून काढलंय, आणि शेपटीखाली टक्क लाल. त्याला नवरंग म्हणतात आणि पावसाच्या आधी ते दुरून येतं, हे पौर्णिमानं फोनवर शोधून त्यांना मागाहून सांगितलं. त्या क्षणी त्याला नाव नव्हतं. महागूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं सगळं ऐकत आलेली त्यांची बायको तोंड उघडं टाकून, डोळ्याची पापणी न लववता बघत होती. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. पाखरानं मान मागे टाकली आणि पुन्हा शीळ घातली.